३००५ लिहिणारी मुलगी

"हिला दुसरीत बसवा," असं आमच्या को-ऑर्डिनेटर रिचा मॅडम म्हणाल्या, तेव्हा पल्लवी माझ्या शेजारीच उभी होती. तिच्यासमोर हे बोलू नये, एवढंही त्यांना सुचलं नाही. तिचे वडील वानखेडे खुर्चीच्या टोकावर बसले होते. ते इथल्या भनपुरी भागात एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंगचं काम बघतात, मूळचे यवतमाळकडचे. सरकारी शाळेतून काढून मुलीला त्यांनी वर्षाच्या मध्येच शंकर नगरातल्या आमच्या शाळेत आणलं होतं. या शाळेत तिसरीला गणित मी शिकवते.

नव्या मुलांची इथे एक टेस्ट होते. रिचा मॅडम आकडे बोलतात, मुलं कोऱ्या कागदावर लिहितात. 'तीनशे पाच' ऐकून पल्लवीने ३००५ लिहिलं होतं. 'चारशे बारा'ला ४००१२.

"बेसिकच नाहीये," रिचा मॅडम म्हणाल्या.

आमचं शहर हिंदी बोलणारं, त्यामुळे शाळेतली बोलणी हिंदीत होतात. मोठ्यांची मी मराठीत देते आहे, मुलांची तशीच ठेवली आहेत. वानखेडे मात्र माझ्याकडे वळून मराठीतच बोलले. "मॅडम, पोट्टी मागच्या शाळेत पास होत आली. आता काहून मागं टाकून राहिले तिले?"

मी पल्लवीला विचारलं, "हे कसं लिहिलंस?"

ती खाली बघत म्हणाली, "पहले तीन सौ लिखा. फिर पाँच."

म्हणजे जे ऐकलं ते तिने ऐकल्या क्रमाने लिहिलं होतं. आधी ३००, मग त्याला लागून ५. यात डोकं चाललेलं आहे. चुकलं एवढंच, की संख्येतल्या प्रत्येक अंकाला ठरलेली जागा असते, हे तिला कोणी दाखवलेलं नव्हतं. तीनशेमधली दोन शून्यं म्हणजे दहाची आणि एकाची जागा. पाच आले की ते एकाच्या जागेवर बसतात, तिथलं शून्य जातं. याला आम्ही प्लेस व्हॅल्यू म्हणतो. तुम्ही शाळेत 'स्थानिक किंमत' म्हणून शिकला असाल.

मी हे सांगितलं. रिचा मॅडमनी पेनचं टोपण लावलं. "आपल्या तिसरीतली मुलं असं लिहीत नाहीत."

माझं डोकं इथे फिरलं. आमची मुलं असं का लिहीत नाहीत, ते मला माहीत होतं. शाळेच्या वर्कशीटवर तीन चौकटी छापलेल्या असतात आणि त्यांच्यावर एच, टी, ओ अशी अक्षरं. शतक, दशक, एकक. मुलं चौकटी भरतात. चौकट रिकामी राहिली तर शून्य टाकायचं, एवढं पाठ असतं. कोऱ्या कागदावर आकडा लिहायची वेळच येत नाही. वर्गात तीन खुर्च्या मांडून जागा समजावू द्या, असं मी जूनपासून मागत होते. आवाज होतो, सिलॅबस मागे पडतो, वर्कशीट पूर्ण करा, हेच उत्तर मिळत होतं.

"मग हीच टेस्ट माझ्या वर्गाला द्या," मी म्हणाले. "आत्ता. आणि आकडे प्रिन्सिपल सरांनी बोलावेत."

प्रिन्सिपल सर शेजारच्या केबिनमधून आमचा आवाज ऐकून आलेच होते. रिचा मॅडम म्हणाल्या, "याची काय गरज?" माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. "गरज आहे. एका मुलीला वर्ष गमवायला सांगताय तुम्ही."

सर वर्गात आले. मी कोरे कागद वाटले. पहिला आकडा बोलायच्या आधीच पुढच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. "मॅम, बॉक्स कहाँ है?"

"आज बॉक्स नहीं है," मी म्हणाले.

सरांनी तेच आकडे सांगितले. मी कागद गोळा करून टेबलावर पसरले. अर्ध्याहून जास्त मुलांनी ३००५ लिहिलं होतं. काहींनी ३५०. एका हुशार मुलाने आधी स्वतःच चौकटी आखल्या होत्या आणि मग बरोबर लिहिलं होतं.

सर कागद उलटत राहिले. रिचा मॅडम हळूच म्हणाल्या, "मग हे तुमच्या टीचिंगवर येतं."

"येऊ द्या. माझाच वर्ग आहे," मी म्हणाले. "एक तर सगळ्यांना दुसरीत पाठवा, नाही तर हिला इथे राहू द्या आणि मला खुर्च्या द्या."

सरांनी सुस्कारा सोडला. "खुर्च्या घ्या."

दुसऱ्या दिवशी मी फळ्यासमोर तीन खुर्च्या मांडल्या. शतक, दशक, एकक. प्रत्येकीवर एक मूल. आकडा बोटांनी दाखवायचा. तीनशे पाच. शतकवालीने तीन बोटं वर केली, एककवाल्याने पाच. मधला मुलगा मूठ मिटून बसला.

"ये तो कुछ नहीं कर रहा," कोणीतरी म्हणालं. "इसको भेज दो."

मी त्याला खुर्चीसकट बाजूला पाठवलं आणि म्हटलं, आता वाचा. वर्गाने वाचलं, पस्तीस. मग एकच हशा. त्याला परत बोलवा म्हणून गलका झाला आणि तो खुर्ची ओढत ऐटीत परत आला. मग एककवाला एकेक बोट वाढवत गेला. दहावं आलं की त्याने मूठ मिटायची आणि मधल्याने एक बोट उघडायचं. हा खेळ त्यांना इतका आवडला की सुट्टीची घंटा झाली तरी उठेनात.

पल्लवी जागेवरून उठली. मग फळ्याजवळ येऊन तिने ३०० लिहिलं, शेवटचं शून्य बोटाने पुसलं आणि तिथे ५ काढले. "मॅम, पाँच आया तो ये ज़ीरो उठ जाएगा. उसकी कुर्सी थी न."

यापेक्षा सोपं मलाही सांगता आलं नसतं.

पल्लवी तिसरीतच राहिली. मला वाटलं होतं, आता वर्कशीटवरच्या चौकटी जातील. पुढच्या स्टाफ मीटिंगमध्ये रिचा मॅडमनी नवा निर्णय वाचून दाखवला: ॲडमिशन टेस्टमध्ये आकडे बोलून लिहायला सांगायचे नाहीत, पालकांशी वाद होतात. मी उभी राहून चौकटींचं विचारलं. वर्षभराच्या वर्कशीट छापून आल्या आहेत, असं उत्तर आलं.

मी अजून तिथेच शिकवते. शाळेला एखादी उणीव दाखवली तर ती भरून निघेलच असं नाही. कधी कधी ती ज्या प्रश्नाने दिसली, तो प्रश्नच काढून टाकतात. त्यामुळे आता मी दर शनिवारी कोरे कागद वाटते आणि कोणाला विचारत नाही.