पहिली रांग रिकामी

किस्से साचतात हो! नीलिमा होती तोवर जेवताना तिला सांगून टाकायचो, शिल्लक काही राहायचं नाही. तिला जाऊन दीड वर्ष झालं. आता इथे न्यूझीलंडमध्ये, लोअर हटच्या घरात भाजी मायक्रोवेव्हमध्ये फिरते आणि मी समोर उभा असतो. मायक्रोवेव्हला काय सांगणार!

मी फार्मासिस्ट. ऑकलंडची लेक फोनवर म्हणाली, "बाबा, प्लीज जॉईन समथिंग!" म्हणून रविवार दुपारच्या ऑपेरा ग्रुपमध्ये गेलो. अर्धे लोक गोरे, अर्धे चिनी. कार्यक्रमही तसाच, अर्धा इटालियन ऑपेरा, अर्धा कँटोनीज. माझं गाणं ऐकून कंडक्टर मार्गारेट म्हणाली, "बेसूर आहेस. पण आमच्याकडे पुरुषच नाहीत. स्वीट ॲज, चालून जाईल!"

झालं सिलेक्शन.

*

मार्गारेटची उंची जेमतेम पाच फूट. त्यामुळे ती लाकडी स्टुलावर उभी राहून हात हलवते. त्या स्टुलाला कोणी हात लावायचा नाही. मी पहिल्याच आठवड्यात त्यावर चहाचा कप ठेवला.

"दॅट इज नॉट अ टेबल!"

पुढचे तीन रविवार मी चहाच घेतला नाही.

*

लामबाई हाँगकाँगच्या. वय पंचाहत्तर, तरुणपणी तिथल्या ऑपेरात गायच्या. त्यांच्या प्रवेशात घोडा असतो. म्हणजे हातात नुसता चाबूक, घोडा आपण समजून घ्यायचा. वरच्या पट्टीत गाणारा आमचा टेनर कॉलिन विचारतो, "घोडा कुठाय?"

लामबाई शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या मागे. बाजूला हो, त्याला वाट दे."

आणि कॉलिन खरंच बाजूला झाला!

*

एकदा एक मुलगी फार सुंदर गात होती. माझ्या तोंडून मधेच "वा!" निघून गेलं. सवय आपली! मार्गारेटने सगळं थांबवलं. "आपण शेवटी टाळ्या वाजवतो. शेवटी!"

लामबाई मात्र खूश. त्यांच्याकडेही प्रेक्षक मधेच ओरडून दाद देतात म्हणे. मला म्हणाल्या, "चला, कोणीतरी ऐकतंय!"

त्या दिवशी घरी आलो, दार उघडलं आणि बोलून गेलो, "अगं, ऐक ना…" मग गुपचूप दिवा लावला.

*

कार्यक्रम आला नेमका चिनी लोकांच्या पितरांच्या महिन्यात. आपला पितृपक्ष असतो ना, तसंच काहीसं. लामबाई म्हणाल्या, पहिली रांग रिकामी ठेवायची, ती गेलेल्या माणसांची.

मार्गारेट भडकली. "लोकांना वाटेल तिकिटंच खपली नाहीत!"

"रांग भरलेली असते," लामबाई म्हणाल्या.

"मला दिसत नाही!"

दोघी दोन रविवार एकमेकींशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी चहाच्या वेळी लामबाईंनी मला विचारलं, "तुझी बायको कुठे बसते?"

बसायची नाही, बसते! दीड वर्षात मला असं कोणी विचारलं नव्हतं. लोक 'सॉरी' म्हणतात आणि हवापाण्यावर येतात. म्हटलं, "कडेच्या खुर्चीवर. गुडघा दुखतो तिचा. पायाखाली काहीतरी घ्यायला लागतं."

मार्गारेट तिथेच सिंकपाशी आमच्याकडे पाठ करून कप विसळत होती.

*

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल बऱ्यापैकी भरला. पडदा उघडला आणि आम्हाला मार्गारेटच दिसेना! ती जमिनीवर उभी होती. मागच्या ओळीतून तिची फक्त बोटं दिसत होती, तीसुद्धा अधूनमधून. आम्ही सगळेच्या सगळे एंट्रीला चुकलो.

पहिली रांग रिकामी होती. कडेच्या खुर्चीपुढे तिचं स्टूल ठेवलेलं होतं.