बाहेरची कडी

आमच्या पाचूबंदरात बाई घराबाहेर पडली की हात आपोआप कडीकडे जातो. कुलूप नाही, नुसती कडी. चोरांसाठी नव्हे, मांजरांसाठी. सुक्या बोंबलांची टोपली उघड्या घरात ठेवणं म्हणजे त्यांना आवतणच. चाळीस वर्षं मी ती कडी अशीच लावत आले होते.

मग एक मुलगी माझ्याकडे राहायला आली. एकोणीस वर्षांची, लांबच्या गावची. नोकरी लावतो म्हणून एका माणसाने तिला आणलं आणि गोखिवऱ्यातल्या त्याच्या घरी दोन वर्षं फुकट राबवलं. बाहेर जाताना तो दार बाहेरून लावून जायचा. तिला सोडवणाऱ्या संस्थेतल्या ताईंनी मला एकच गोष्ट बजावली होती, "मावशी, दार बाहेरून लावायचं नाही." एवढंच ना, म्हणून मी हसले होते. मोठी शहाणी मी!

तो माणूस जामिनावर सुटला होता आणि महिन्याभरात तिची साक्ष होती. रस्त्यावर कुणी दोनदा वळून पाहिलं तरी मी वाट बदलायचे.

त्या सकाळी ती झोपलेली होती. मी बंदरावर लिलावाला गेले. टोपली भरत होते, तेवढ्यात एका अनोळखी माणसाने मोबाईल माझ्यापुढे धरला. "मावशी, ही पोरगी दिसली का कुठे? भाची आहे माझी, घरातून निघून गेलीये."

फोटो तिचाच होता. मी मान खाली घालून टोपली भरत राहिले.

"नाय बाबा. मासली घ्यायची तर बोल, नायतर वाट सोड."

तो पुढच्या बाईकडे गेला. मी टोपली तिथेच टाकली आणि उलट्या गल्लीने घराकडे धावत सुटले. वळणावरून दार दिसलं. कडी लावलेली होती. वाचलो, असंच पहिल्यांदा वाटलं. मग कळलं, ती मीच लावली होती.

आत फरशी ओली होती. घरातली सगळी भांडी घासून भिंतीशी ओळीने लावलेली होती, आधीच स्वच्छ असलेलीसुद्धा. ती कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी होती.

"सगळं केलं मावशी. आता मारणार नाही ना?"

तोवर मी त्या माणसाला घाबरत होते. तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि मला माझीच भीती वाटली.

आधी ताईंना फोन करून बंदरावरच्या माणसाचं सांगितलं. मग हातोडी आणली. ती म्हणाली, "मी काढू?" बाहेरची कडी तिनेच उपटली.

आता दोघी बाहेर असलो की बोंबील मांजरं पळवतात, पळवू देत. मी एकटी बाहेर गेले की ती आतून कडी लावते. परतल्यावर मी माझ्याच दारावर थाप मारून उभी राहते. आतून "कोण?" येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.