दोन बाटल्यांची चाचणी

माझा माधवमामा वीस वर्षं नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासायचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण तपासणी काही थांबली नाही. मामीने आणलेली कोथिंबीर, नवी चप्पल, मी लग्नासाठी पसंत केलेला मुलगा, सगळं त्याच्या हाताखालून जातं. कोथिंबीर बहुतेक वेळा नापास होते. माझा नवरा काठावर पास आहे.

यंदा त्याने म्हातारपण नापास करायचं ठरवलं. मोबाइलवर दोन गोळ्यांच्या जाहिराती त्याचा पिच्छा सोडेनात. एक बाटली पेशींना ऊर्जा देणार होती, दुसरी पेशींचं वय रोखणार होती. दोन्हींवर पिकल्या केसांच्या, सपाट पोटाच्या माणसांचे हसरे फोटो होते. शास्त्र म्हणून एवढं पुरे. वर्षभराची ऑर्डर द्यायची, पण कोणत्या बाटलीची, ते काही ठरेना. डॉक्टर म्हणाले, "रोज चाला." इतका फुकटचा सल्ला मामा मनावर कसा घेईल?

मग त्याने कारखान्याची रीत काढली. दोन पुरवठादार असले की दोन नमुने घ्यायचे आणि एकाच यंत्रावर तपासायचे. पहिला नमुना तो स्वतः. दुसरे सोमाटण्याचे इनायतचाचा, कारखान्यातले त्याचे स्टोअरकीपर. नूरचाची गेल्यापासून चाचा आठ महिने घराबाहेर पडले नव्हते. मामाने जाऊन सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. दुसरी बाटली पुढे ठेवली आणि म्हणाला, "रोज सकाळी एक. दर शनिवारी लोहगड, बारा आठवडे. उशीर चालणार नाही."

यंत्र म्हणजे गडाच्या पायऱ्या. लोहगडवाडीतून निघायचं, महादरवाज्यात घड्याळ थांबवायचं. पहिल्या शनिवारी बावन्न मिनिटं लागली, शिवाय सात थांबे. दर थांब्याला मामा दोघांची नाडी मोजून वहीत लिहायचा. उतरल्यावर भामाबाईंच्या टपरीवर पिठलं-भाकरी.

"आबा, गोळी खाताय ना, मग भाकरी कशापायी?" त्या विचारायच्या. मामाने भाकरीची नोंद कधीच केली नाही, कारण ती चाचणीत नव्हती.

चौथ्या आठवड्यात चाचांनी दाढी नीट केली. सातव्यात दोघं कारखान्यातल्या गंजलेल्या बोल्टांच्या एका जुन्या पेटीवरून अख्खा गड भांडत चढले. मामा खूश होता, गोळ्या लागू पडत होत्या. मामीला मात्र वेगळाच घोर लागला.

"निकाल लागला की इनायतभाई पुन्हा दार लावून बसणार," ती मला म्हणाली. "यांना सांग, घाई करू नका." पण अहवाल वेळेवर देणं हा मामाच्या अब्रूचा प्रश्न.

बाराव्या शनिवारी मीही बरोबर गेले. मामाला अडतीस मिनिटं लागली, चाचांना पस्तीस. टपरीवर मामाने पडेल चेहऱ्याने जाहीर केलं, "तुझी बाटली पास. माझी नापास."

चाचा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "मी उघडलीच न्हाई."

"काय?"

"बाटली. सील तसंच हाय, कपाटात. घरात बसवत नव्हतं, माधव. तू बोलावलंस, मी आलो. गोळी घेत न्हाई म्हणलो असतो, तर तू दुसरा नमुना गाठला असता."

मामा लालबुंद झाला. बारा आठवड्यांची वही त्याने पहिल्यापासून चाळली. कारखान्यात अशी लपवाछपवी करणाऱ्याशी तो महिना महिना बोलत नसे, हे मला ठाऊक होतं. मग त्याने पेन काढलं, बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि सहीसाठी वही चाचांपुढे सरकवली.

"चाचणी रद्द. कारण, नमुन्याची लबाडी. चाचणी नव्याने सुरू, पुढचा शनिवार, सकाळी सहा."

"आन् बाटली?" चाचांनी विचारलं.

"तिची गरज नाही," मामा म्हणाला. चाचांनी सही केली.

नूरचाचींच्या मयतीला आम्ही सगळे गेलो होतो. काहीही लागलं तर हाक मारा, असं एकेकाने चाचांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं. मीही सांगितलं होतं. आणि मग आठ महिने आम्ही सगळी भली माणसं आपापल्या घरी त्यांच्या हाकेची वाट बघत बसलो.