मित्रानं काढलेलं आमचं स्वयंपाकघर

मेहकरच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. कॉलेजात माझ्याबरोबर एक मित्र होता. तो चित्रकार झाला, मी मास्तर झालो. गेल्या उन्हाळ्यात लोणारच्या देवळांची चित्रं काढायला म्हणून तो आमच्याकडे मुक्कामाला आला. ऊन असं तापलेलं, की लोणारला एकदाच गेला. मग आमच्या बैठकीत बसून, उघड्या दारातून दिसणारं स्वयंपाकघरच रंगवू लागला.

रेघ नाही, फराटा नाही, नुसते ठिपके. बारीक ब्रशनं एकेक टेकवत जायचा. आत माझी बायको खिडकीशी बसून गवार निवडायची.

चित्र झालं तेव्हा तिनं नाक लावून पाहिलं.

"भाऊजी, माह्या हातावर निळे ठिपके काऊन?"

"वहिनी, जरा मागं सरका."

ती दारापर्यंत मागं गेली. तिथूनच म्हणाली, "मी अशी दिसतो काय?"

मीही पाहिलं. ओट्यावर पिवळं ऊन, पालथी भांडी, आणि मधे ती, डावा खांदा किंचित वर धरून. निळ्याशेजारी नारिंगी ठेवलं की दोन्ही पेटतात, हे मी दरवर्षी पोरांना सांगतो. त्यानं ते करून दाखवलं होतं, तेही माझ्या घरात. "छान" एवढंच म्हणून मी बाहेर मोटारसायकल पुसत बसलो.

संध्याकाळी तिला विचारलं, "खांदा दुखते काय तुझा?"

"संक्रांतीपासून. चित्रात दिसला काय?"



जाताना त्यानं चित्र तिच्या हातात दिलं, माझ्या नाही. मी म्हटलं, आतल्या खोलीत लावू. तिनं बैठकीत खिळा ठोकला. आलागेला विचारायचा, "सर, तुम्ही काढलं?" आणि नाही म्हणताना माझी जीभ जड व्हायची. एका रविवारी मीही कागद लावला, तिला खिडकीशी बसवलं. झालेलं चित्र पाहून ती "चांगलं आहे" म्हणाली, कुणाकडे पाहुणी गेल्यावर फिक्या चहाला म्हणते तसं, आणि कुकर लावायला उठली.

पावसाळ्यात मित्राचा फोन आला. नागपूरला प्रदर्शन होतं, चित्र हवं होतं.

"जमणार नाही," मी सांगून टाकलं. अनोळखी माणसांनी तिच्याकडे टक लावून पाहावं, हे मला सोसणारं नव्हतं.

ती पोळ्या लाटत ऐकत होती. "चित्र कोणाचं आहे?"

"तुझं."

"मंग मले काऊन नाही इचारलं?"

हात धुऊन तिनं स्वतःच त्याला फोन लावला. "घेऊनच येतो मी, भाऊजी. मलेबी पाहाचं आहे सगळं."

तुम्ही येता काय, असं तिनं मला विचारलं नाही. मी आपणहून चित्र चादरीत गुंडाळलं आणि नागपूरच्या बसमध्ये तिच्या शेजारची जागा धरली. चित्र वर ठेवू म्हटलं, तर तिनं ते रस्ताभर मांडीवरच घेतलं.