कुलूप लावलेल्या दाराचा फोटो

वर्ल्ड कप यायचा होता त्या वर्षी दोह्यात जिकडे बघावं तिकडे खणलेलं होतं. अल सद्दमधल्या आमच्या इमारतीसमोरचा रस्ता दोनदा उकरला, दोनदा बुजवला. मुलगा कामावरून आला की आज कुठून वळसा घालावा लागला ते आधी सांगायचा. सगळ्या शहराला घाई होती. मला एकटीला काही काम नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकलेली. सिन्नरच्या पुढं आमचं गाव. आमचे हे गेल्यावर मुलगा म्हणाला, तीन महिने चल, मन रमेल. तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं. मुलगा गॅसच्या कंपनीत, सून शाळेत शिकवायची, नात अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. गावच्या घराला मी कुलूप लावून आले होते, आणि कुत्रं धाकट्या जावेच्या हवाली केलं होतं. तिचं घर शेजारीच. मध्ये कमरेएवढी भिंत.

नातीनं पार्किंगमधली एक मांजर उचलून घरात आणली होती. तिचे फोटो ती फोनवरच्या एका ग्रुपात टाकायची. दर शुक्रवारी तिथं एक विषय यायचा. लाल रंग, सावली, खिडकी, असं काहीही. आठवडाभरात आपल्या जनावराचा त्या विषयावरचा फोटो काढून टाकायचा. बक्षीस नाही, काही नाही. लोक बदाम पाठवतात, बस. हे रिकामटेकड्यांचं काम आहे असं मला वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं.

एका शुक्रवारी विषय आला झोप. मांजर सोफ्यावर पसरली होती. नात फोन धरून वाकली, तशी मी टाळी वाजवून मांजरीला उठवली.

"आजी! व्हाय?"

"डोळे मिटलेल्याचा फोटो काढू नये. आमच्याकडे तसा फोटो एकदाच काढतात, मेल्यावर."

"बट द थीम इज स्लीप!"

"मग जांभई देताना काढ."

तिनं तोंड फुगवलं, पण जांभईच काढली. त्या फोटोला आजवरचे सगळ्यात जास्त बदाम आले. त्यानंतर ती मला विचारायला लागली. मांजरीनं वर बघावं म्हणून मी फोनच्या वर सुकट धरायचे. घरभर वास सुटायचा आणि सून खिडक्या उघडत फिरायची. बाहेरून धूळ आत. ती मला काही बोलली नाही. नातीला बोलली.

असे काही आठवडे गेल्यावर मी म्हणाले, माझं कुत्रं घाल ग्रुपात.

नियम असा होता की जनावर आपलं हवं आणि फोटो आपण स्वतः काढलेला हवा. कुत्रं सिन्नरला, मी दोह्यात. नातीनंच वाट काढली. एकमेकींना बघून बोलता येईल असं एक ॲप तिनं दोन्हीकडे घालून दिलं. तिकडे जाऊ कुत्र्यासमोर तिचा फोन धरायची, ते माझ्या फोनवर दिसायचं, आणि मी नातीच्या फोननं माझ्या फोनचा फोटो काढायचे. ट्यूब चमकते म्हणून आधी दिवे घालवायचे, पडदे ओढायचे. जावेकडे दिवेलागणीची वेळ, इथे उन्हं रणरणत असायची. ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी चालेल म्हणून सांगितलं. कुत्र्याचं नाव लिहायचं होतं. नाव आम्ही कधी ठेवलंच नव्हतं. 'यू यू' केलं की यायचं. नातीनं तेच लिहिलं.

पहिला विषय होता डोळे.

"अगं, थोबाड वर कर जरा," मी जावेला म्हणाले.

"माझं का त्याचं, आक्का?"

"तुझं बघून चाळीस वर्षं झाली. त्याचं कर."

तिनं फोनच्या वर भाकरीचा तुकडा धरला. कुत्र्यानं मान वर केली आणि असं टक लावून बघितलं की मी फोन नीट धरायच्या आतच बोट दाबलं. फोटो जरा तिरका आला. तरी लोकांनी काय काय लिहिलं! नात वाचून दाखवत होती. केवढी ओढ आहे या डोळ्यांत. तुमच्यासाठी झुरतोय बिचारा. त्याच्याकडे लवकर जा.

ती ओढ भाकरीची होती. मला ठाऊक होतं, जावेला ठाऊक होतं. पण मुलगा शेजारी बसून ऐकत होता, म्हणून मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याला म्हणाले, "बघितलंस ना? मुकं जनावर झुरतंय. मला पोचव."

"आई, वर्ल्ड कप होऊ दे. आत्ता गेलीस की मध्येच परत येणं अवघड. सगळी विमानं भरलेली असणार."

"मला परत यायची घाई नाही."

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला आणि अंघोळीला गेला.

त्यानंतर मी दर आठवड्याला फोटो टाकायला लागले. विषय पाणी असो नाहीतर सावली, कुत्रं वरच बघत असायचं आणि लोकांना गहिवर यायचा. जेवताना मी मुद्दाम नातीला वाचायला लावायचे. मुलगा खाली मान घालून जेवायचा. मला वाटलं, दोन-तीन आठवड्यांत पघळेल.

मग विषय आला दार.

मी खूश झाले. कुत्रं माझ्या दारातच झोपायचं, उंबऱ्याला पाठ लावून. मी जावेला सांगितलं, आज भाकरी नको, ते झोपायला आलं की दाखव. ती म्हणाली, आज रेंज नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पाऊस आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, फोन चार्ज नाही. म्हणजे ती बोलत होती तो फोन.

"काय झालंय त्याला?" मी विचारलं. "मेलं का? सरळ सांग."

"मरायला काय धाड भरलीय त्याला," ती म्हणाली आणि फोन फिरवला.

कुत्रं तिच्या ओट्यावर पोत्यावर झोपलं होतं. पोट वर, पाय वर.

"चार महिने झाले, आक्का. तिकडे झोपतच नाही. किती हाकललं. तुम्हाला कसं सांगायचं?"

"बरं केलंस ठेवून घेतलंस ते," मी म्हणाले. खोटं नव्हतं. तरी मध्येच उठून पाणी प्याले. "आता त्याला माझ्या दारात घेऊन ये."

तिनं भाकरी दाखवत त्याला भिंतीपलीकडे आणलं. मी इकडून 'यू यू' केलं. त्यानं एक कान हलवला, उंबऱ्यावर भाकरी खाल्ली, तोंड चाटलं आणि वळून निघालं. तेव्हाच माझं बोट दाबलं गेलं. फोटोत माझं दार आहे, गंजून तांबारलेलं कुलूप आहे, अंगणात गुडघाभर गवत आहे आणि कडेला कुत्र्याचं अर्धं ढुंगण.

"अनदर वन, आजी. ही इज नॉट लुकिंग."

"हाच टाक."

चार बदाम आले. एकानं विचारलं, कुत्र्याचं तोंड कुठाय?

रात्रीच्या जेवणानंतर मुलानं तो फोटो मागून घेतला. बोटांनी मोठा करून करून बघितला. कुलूप बघितलं, गवत बघितलं. मग म्हणाला, "आई, ते तर काकूकडे रमलंय. मग आता कशाला जायचं?"

मला आता खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "कुत्र्याचं नाव मी पुढं करत होते," मी म्हणाले. "ते झुरत नव्हतं. मी झुरते."

सून भांडी लावत होती, ती थांबली.

"पण तिथं एकटी करणार काय तू?"

मी विचार केला. सांगण्यासारखं काही नव्हतंच. "सकाळी दार उघडीन. गवत काढीन. कोणी आलं तर चहा करीन. संध्याकाळी दार लावीन."

"एवढंच?"

"एवढंच."

इथं मला कुणी काही कमी केलं नव्हतं, ते त्याला ठाऊक होतं आणि मलाही. म्हणूनच बोलणं अवघड होतं. शेवटी त्यानं लॅपटॉप उघडला. ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी जागा होती.

"खिडकीजवळची घेऊ?"

"कुठलीही घे. उतरेपर्यंतच बसायचंय."

तो हसला नाही. मान न वळवता म्हणाला, "परतीचंही काढतो. जानेवारीचं."

मी हो म्हणाले नाही. त्यानं थोडी वाट बघितली आणि दोन्हीकडचं काढलं.