मेण्यातून दिलेलं बक्षीस

इकडची, म्हणजे माझ्या यजमानांची, नोकरी पुण्याच्या कचेरीत लागली, तेव्हा मी पोशीरला सासरीच होते आणि माझा मुलगा अजून रांगतही नव्हता. भातं झोडून झाली, कणग्या भरल्या, आणि पुण्याहून निरोप आला की बिऱ्हाडाला जागा मिळाली आहे, आता मंडळींना आणावं. सासूबाईंना गुरंढोरं टाकून निघता येईना. म्हणून मामंजी, म्हणजे माझे सासरे, मला आणि बाळाला पोचवायला निघाले.

त्या काळी घाटातला आगगाडीचा रस्ता पुरा व्हायचा होता. नेरळहून गाडीत बसलं की खोपोलीपर्यंत रूळ, पुढे डोंगर आडवा. तो चढून खंडाळ्याला गेलं की पुन्हा गाडी. मधल्या डोंगरात पुरुषांना तट्टू मिळे आणि बायकांना मेणा, चारी बाजूंनी पडदे सोडलेली बंद पालखी. ती भोई खांद्यावरून वर नेत. त्याचं भाडं तिकिटातच घेतलेलं असे.

मी आगगाडी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिली. पण गाडीची भीती मला वाटायच्या आधीच दुसऱ्या भीतीने जागा घेतली. माझ्या शेजारी कल्याणची एक पोक्त बाई बसली होती. ती या घाटातून पूर्वी जाऊन आलेली. तिने मला विचारलं की भोयांच्या बक्षिसाचं काय केलंय. मला काहीच ठाऊक नव्हतं. मग ती सांगत बसली की तिकिटाचे पैसे ठेकेदाराच्या घशात जातात, भोयांना वरून खुशीचं काही द्यावंच लागतं, आणि नाही दिलं तर ते मेणा असा हिसकतात की हाडं खिळखिळी होतात. तिच्या नात्यातल्या एका बाईचा मेणा म्हणे त्यांनी ऐन वळणावर दरीकडे तोंड करून ठेवला आणि सगळे चिलीम ओढत बसले. त्या बाईचा हात कनवटीला जाईपर्यंत कोणी उठलं नाही.

किती द्यायचं, कुणाच्या हातात द्यायचं, चढायच्या आधी की नंतर, हे मला विचारायचं होतं. पण मामंजी समोरच बसले होते. त्यांनी खिडकीबाहेर बघतच सांगून टाकलं, "भाडं भरलेलं आहे. भरल्या भाड्यावर पुन्हा पैसा मागणं ही लाच झाली. मी छदाम देणार नाही."

मामंजी कंजूष नव्हते, हे सांगायला हवं. गावातल्या बलुतेदारांना खळ्यावरून त्यांचा वाटा ते स्वतः उभे राहून मोजून देत, आणि मापाला कधी कमी पडू देत नसत. पण वाट्याहून मूठभर जास्तही त्यांच्या हातून कधी सुटलं नाही. ठरलं ते ठरलं, अशी त्यांची चाल.

खोपोलीला उतरलो तर केवढी गर्दी. बोगदे खणायला देशावरून आलेली माणसं, गाढवं, दगडांच्या गाड्या, आणि वरून डोंगरातून सुरुंगांचे आवाज. आमच्या मेण्याला सहा भोई होते. चौघे उचलणार, दोघे बदलीला. त्यांतला एक म्हातारा पुढे झाला, त्याने मामंजींना रामराम केला आणि पोरांना काही खुशी मिळावी, असं अदबीने सांगितलं. मामंजींनी गाडीत बोलले तेच त्यालाही ऐकवलं. तो भांडला नाही. नुसतं "बरं" म्हणाला आणि मुंडासं घट्ट करू लागला. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच्या मनात काय आहे हे तरी कळलं असतं.

मेण्यात आधी बसून गेलेल्या बायकांच्या खोबरेल तेलाचा वास कोंडला होता. बाळाला छातीशी धरून मी आत बसले, पडदे सुटले, आणि एकदम जमीन खालून निघून गेली. सुरुवातीला सडकेने चाललो तोवर मामंजींच्या तट्टाच्या टापा शेजारून ऐकू येत होत्या. त्या आवाजावर मी जीव टांगून बसले होते. मग मेणा एकाएकी कलला, माझे पाय वर आणि डोकं खाली झालं, पडद्याला करवंदीच्या जाळ्या घासू लागल्या. भोयांनी सडक सोडून चढणीची पायवाट धरली होती. टापा हळूहळू दूर गेल्या आणि मग ऐकूच येईनात.

भोई चालताना गातात. पुढचा एक शब्द टाकतो आणि मागचे हुंकार देतात. त्यात वाटेतल्या दगडधोंड्यांची खबर असते, तशी आत बसलेल्या माणसाचीही असते. मी कान देऊन ऐकलं.

"म्हातारा तट्टावरी, हूं हां. गाठ त्याची कंबरंवरी, हूं हां. सुटता सुटंना, हूं हां."

ते मामंजींबद्दल होतं. दुसऱ्या वेळी मला हसू आलं असतं. तेव्हा मात्र अंगावर काटा आला, कारण ज्याच्यावर राग होता तो तट्टावर बसून दूर गेला होता आणि ज्यांच्यावर तो काढता येईल ते आम्ही दोघं त्यांच्या खांद्यावर होतो. पडदा बोटभर सारून पाहिलं तर खाली झाडांचे शेंडे दिसत होते. पडदा तसाच सोडला.

गाणं थांबलं. चढ फार उभा असावा, नुसते श्वास ऐकू येत होते. मग मागचा एक जण दमलेल्या आवाजात म्हणाला, "टाकू का रं?"

पुढून उत्तर आलं, "हितं नको. वर वळनावर टाक. तितं जागा हाय."

कल्याणच्या बाईने मेणा खाली ठेवण्याचं सांगितलं होतं. हे तर टाकायचंच बोलत होते, आणि जागासुद्धा ठरवत होते. ओरडले असते तर ऐकायला कोण होतं? बाळ झोपलं होतं. त्याला मी इतकं आवळलं की ते कुरकुरलं. देवाचं नाव घ्यावं तर एकही नाव आठवेना.

लुगड्याच्या पदराला माझा एक रुपया बांधलेला होता. बाळंतपणानंतर निघताना आईने दिलेला. दातांनी मी ती गाठ सोडली, पडद्यातून हात बाहेर काढला आणि जो खांदा सर्वांत जवळ होता त्याच्यापुढे रुपया धरला. तो पुढच्या दांडीचा तरुण भोई होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. रुपया घेतला, कंबरेच्या धडप्यात खोचला आणि चालत राहिला. आता हा बाकीच्यांना सांगेल, आता आपण वाचलो, असं मला वाटलं.

त्याने कुणालाच सांगितलं नाही. पण शेजारून चालणाऱ्या बदलीच्या भोयाने माझा हात पाहिला होता. वळणावर पोचताच त्याने विचारलं, बायने काय दिलं ते दाखव. तरुण म्हणाला, काही नाही. मागचे दोघे म्हणाले, काही नाही तर धडपं सोड. शब्दाला शब्द वाढला, आणि भांडता भांडता त्यांनी मेणा खाली ठेवला, तो एक पाय दगडावर आणि तीन पाय उतारावर असा. मेणा डुगडुगत होता. मी आत हलले की तोही हले. बाहेर धक्काबुक्कीचा आवाज येत होता, आणि प्रत्येक वेळी कुणी तरी मेण्याच्या दांडीवर येऊन आदळे.

तेवढ्यात डोंगरात कुठेतरी कर्णा वाजला आणि पाठोपाठ सुरुंग उडाला. जमीन पायाखालून सरकल्यासारखी झाली. बाळ किंचाळून उठलं. मी कशी बाहेर आले ते मला आठवत नाही. पदर डोक्यावरून घसरलेला, कडेवर रडणारं पोर, आणि समोर सहा परपुरुष. तोवर घराबाहेरच्या पुरुषाशी मी कधी शब्द बोलले नव्हते.

ते एकमेकांना सोडून बाजूला झाले. म्हातारा भोई पुढे आला आणि मान खाली घालून म्हणाला, "बाय, भिऊ नका. येवडं सांगा, रुपया कुनाला दिला?"

तरुण म्हणाला, "माज्या हातात दिला. माजा हाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. रुपया एकट्याचा म्हटलं तर पाच जण बिथरणार, सगळ्यांचा म्हटलं तर हा एक, आणि माझ्या बाजूची पुढची दांडी त्याच्याच खांद्यावर. शेवटी मी म्हणाले, "सगळ्यांचा आहे."

तरुणाने रुपया काढून म्हाताऱ्याच्या हातावर आपटला आणि तो लांब जाऊन उभा राहिला. म्हाताऱ्याने मला विचारलं की बक्षीस वर पोचल्यावर द्यायची रीत आहे, तुम्ही अर्ध्या वाटेत का दिलं.

मी खरं ते सांगून टाकलं. "तुम्ही मला वळणावर टाकणार म्हणालात."

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं, तसा तो बाकीच्यांकडे वळला, आणि त्यांतले दोघे तोंडावर हात धरून खाली बसले. म्हाताऱ्याने आपल्या खांद्यावर थाप मारली. कातडी जाड होऊन तिथे बैलाच्या मानेसारखी गाठ आली होती.

"टाकायचा म्हंजे खांदा टाकायचा, बाय. ह्यो दुखला का दुसरा लावायचा. मानूस कोन टाकंल?"

मला शरम वाटायला हवी होती. पण शरमेला मनात जागाच नव्हती. एक भीती गेली तशी दुसरी तिथे येऊन बसली. मामंजींना हे कळलं तर? त्यांचा शब्द मी मोडला होता, तोही पडद्याबाहेर हात काढून, परक्या माणसाच्या हातात पैसा ठेवून. मी म्हाताऱ्याला कसंबसं सांगितलं की मामंजींना यातलं काही कळू देऊ नका. तो म्हणाला, आमी कशाला सांगू. रुपया मात्र त्याने परत केला नाही, आणि मीही मागितला नाही.

उरलेल्या वाटेत त्यांनी मला इतकं सांभाळून नेलं की बाळ पुन्हा झोपी गेलं. मला काही चैन पडेना. तो तरुण पुढच्या दांडीला होता आणि गाण्याला हुंकार देत नव्हता. त्याला गप्प राहायची काय गरज, असं मनात येई. वर पोचल्यावर त्याने एक शब्द टाकला की माझं पुण्याचं बिऱ्हाड मांडायच्या आधीच मोडलं.

खंडाळ्याला मामंजी आमच्या आधी पोचले होते. उशीर का झाला म्हणून त्यांनी दरडावून विचारलं. म्हातारा म्हणाला की पोर रडत होतं म्हणून वाटेत जरा ठेवलं. मग त्याने पुन्हा हात पुढे करून बक्षीस मागितलं. मला वाटलं, आता हा दोन्हीकडून घेणार. पण मामंजींनी नाही म्हटल्यावर त्याने माझ्या मेण्याकडे एकदा बघितलं, आणि तेव्हा मला उमजलं. मागितलंच नसतं तर मामंजींना संशय आला असता. तो आणखी थोडा कुरकुरलासुद्धा, अगदी खऱ्यासारखा.

तरुण तिथेच उभा होता. तो मामंजींना म्हणाला, "सुनंला इचारा की, आमी कसं आनलं ते."

मी तोवर मेण्यातून उतरले होते. मामंजी माझ्याकडे वळले. "काही त्रास दिला यांनी?"

त्या क्षणी मला वाटलं की याने मुद्दाम मला पकडून दिलं. मी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि नुसती मान हलवली. नाही. तरुण तसाच माझ्याकडे बघत उभा राहिला, मग दांडी उचलून बाकीच्यांच्या मागे गेला. तो रागाने बोलला की आपल्या कामाची शाबासकी मागत होता, हे मला आजही सांगता येत नाही.

पुण्याच्या गाडीत बसल्यावर मामंजी मोठ्या समाधानात होते. म्हणाले, पाहिलंस, लोक उगीच भितात. माणसाने नियमाने वागावं, कोणी वाकडं करत नाही.

ही गोष्ट पुढे त्यांच्या फार आवडीची झाली. ते पुण्याला आमच्याकडे असताना कोणी पाहुणा आला आणि बोलणं प्रवासावर गेलं की मामंजी घाट सांगायचे. भोयांना छदाम न देता सून आणि नातू सुखरूप वर आणले, विश्वास नसेल तर सुनेला विचारा, असं म्हणून ते मला स्वयंपाकघरातून हाक मारीत. मी दाराआडून "हो" म्हणे. एकदा एका पाहुण्याने हसत विचारलं की खरंच काही झालं नाही का हो वहिनी, आणि माझी पोळी तव्यावर जळून गेली.

पुढे घाटातून आगगाडी सुरू झाली. त्या गाडीने आम्ही पोशीरला गेलो, तेव्हा मुलगा खिडकीतून दऱ्या बघून टाळ्या पिटत होता. बोगद्यात अंधार झाला की डब्यातल्या बायका देवाचं नाव घेत. मीही घेत होते. मामंजी समोर बसून शेजाऱ्याला मेण्याची गोष्ट सांगत होते, आणि "विचारा सुनेला" यायच्या आत बोगदा संपून माझं तोंड उजेडात येऊ नये, एवढंच मी मागत होते.