अप्पा मास्तर आणि केस

अप्पा मास्तर रागावले की छडी घेत नसत, खडू घेत. ज्या शब्दाने डोकं तापलेलं असे, तो फळ्यावर लिहून तासभर त्याची सालं काढत.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. परभणीच्या आमच्या शाळेत उर्दूचे तास आटले होते आणि इंग्रजीचे वाढले होते. इंग्रजी अप्पा शिकवीत. मूळचे ताडकळसचे लिंगायत, कपाळाला भस्म, जिभेवर निम्मी उर्दू. मी शेजारच्या वर्गावर नवी लागलेली बाई.

एकदा भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "केस म्हंजे काय?"

"डोक्यावरचे!" पोरं हसली.

"ते मराठीत. इंग्रजीत चष्म्याच्या डबीला केस म्हन्त्यात, कचेरीतल्या खटल्याला केस, दवाखान्यातल्या दुखनाइताला केस, व्याकरनात विभक्तीलाबी केस. शब्दाला मतलब विचारू नका रे. कुनाच्या तोंडून कुनावर आलाय ते बघा."

सकाळी कचेरीत त्यांच्या विधवा बहिणीकडे बोट करून तिचा वकील कारकुनाला म्हणाला होता, "ही जुनी केस." हे मला मधल्या सुट्टीत कळलं. "माझ्या बहिनीला नाव हाय की न्हाई?" चहाची बशी त्यांनी तशीच ठेवून दिली.

त्या उन्हाळ्यात शाळेत पाणी भरणाऱ्या गयाबाईला तिच्या नवऱ्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने मारलं. ती तशीच धडपडत शाळेपर्यंत आली आणि रांजणापाशी कोसळली. डोकं फुटलं होतं. अप्पांनी टांगा बोलावला. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले. माझं लुगडं भिजत होतं आणि ती पुटपुटत होती, "बाई, रांजन अर्धाच भरलाय."

दवाखान्यात डॉक्टर दारातच म्हणाले, "ही पोलीस केस आहे. चौकीची चिठ्ठी आणल्याशिवाय हात लावता येणार नाही."

अप्पा चौकीवर धावले. तिथला जमादार पान लावत म्हणाला, "बाईचा जबाब पाहिजे, न्हाईतर डॉक्टरचा कागद. त्याबिगर केस उभी राहत न्हाई."

"केस उभी राहत न्हाई?" अप्पा ओरडले. "तिकडं बाई आडवी पडलीय! मरायलीय ती!"

चिठ्ठी मिळालीच नाही. घामाने निथळत ते परत आले, गयाबाईला दोन्ही हातांवर उचललं, डॉक्टरांना खांद्याने बाजूला सारून आत शिरले आणि तिला टेबलावर ठेवलं. "आता मला पकडा न्हाईतर हिला टाके घाला. दोन्हीतलं एक तरी करा!"

डॉक्टरांनी टाके घातले. पण फार उशीर झाला होता. दुपारी गयाबाई गेली. कंपाउंडर आत डोकावून म्हणाला, "सायेब, ती केस संपली." अप्पांनी त्याची कॉलर धरली. मी मधे पडले नसते तर काय झालं असतं, सांगता येत नाही. खरं तर मलाही मधे पडायचं नव्हतं.

नवऱ्याने चौकीत सांगितलं, बायको विहिरीच्या पायरीवरून पडली. तेच मानलं गेलं. सरकारी माणसाला धक्काबुक्की केल्याची तक्रार मात्र अप्पांवर झाली. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "अप्पा, माफी लिहून द्या आणि मिटवा."

"माफी मागायची शरम न्हाई मला," अप्पा म्हणाले. "पन मागू कुनाची? जिची मागायची ती जळून राख झाली."

आठवड्यात त्यांची बदली झाली, येलदरीकडच्या एका खेड्यात, जिथे इंग्रजीचा वर्गच नव्हता. मोटार स्टँडवर त्यांना पोचवायला शाळेतलं कुणी आलं नाही. मी गेले. ट्रंकेवर बसून ते धोतराच्या सोग्याने मान पुसत होते. राग तसाच होता.

"लोक म्हन्त्यात, अप्पा, थंड घ्या," ते म्हणाले. "बाई, तुमी थंड घेऊ नका. शिळा राग कुनाच्याच पोटाला लागत न्हाई."

मोटार धुरळा उडवत जिंतूरच्या वाटेला लागली. शाळेच्या फाटकात मुख्याध्यापक भेटले. "चला, आता शाळेत शांतता राहील," म्हणाले. माझ्या कानशिलात ठणका उठला. मी आत गेलेच नाही. तशीच वळले आणि चौकीवर गेले. टांग्यात मीही होते, शुद्ध हरपेपर्यंत गयाबाई 'नवऱ्यानं मारलं' असंच सांगत होती, हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

"काय काम हाय बाई?" जमादाराने विचारलं.

मी खुर्ची ओढली आणि बसले. "जबाब द्यायचाय," म्हणाले. "लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही."